हाजी मर्जूकच्या टाकीचा स्क्रू

हरिदास तायडे मूळचा अकोल्याचा. अकोल्याला पाणी म्हणजे मोर्णा नदी, आणि मोर्णेला पाणी म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने. अशा गावच्या माणसानं बहारीनमध्ये येऊन होड्यांच्या मोटरी दुरुस्त करत पोट भरावं, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा. बरं, मुहर्रकच्या बंदराशेजारी नऊ वर्षं काढूनही गडी एकदाही होडीत बसला नव्हता. पोहता येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्याचा समुद्र म्हणजे वर्कशॉपच्या अंगणातला पाण्यानं भरलेला निळा ड्रम. दुरुस्त झालेली मोटर ड्रमच्या काठाला टांगायची, वर्कशॉपची टाकी जोडायची, दोरी ओढायची आणि दोन तास चालवून बघायची. चालली की गिऱ्हाईक खूश, हरिदास खूश.

वर्कशॉप चालवायचे अलीमियाँ. दाभोळचे. तरुणपणी मचव्यावर खलाशी होते, नंतर आखातात आले आणि इथंच म्हातारे झाले. लायसन अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या नावावर, अक्कल अलीमियाँची आणि हात हरिदासचे, असा तो कारभार होता. दोघं मराठीत बोलायचे, म्हणजे एक कोकणातली बोलायचा आणि दुसरा वऱ्हाडातली, आणि दोघांचाही समज असा की शुद्ध आपलीच.

हरिदासच्या हाताला गुण होता, यात वाद नाही. तो गुण आला होता बापाकडून. बापाचं अकोल्यात एका बोळाच्या तोंडाशी स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. पंपाचे पितळी स्टोव्ह, झालंच तर लग्नसराईत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. हरिदास तिसरीत असल्यापासून बर्नरमधली काजळी काढत बसायचा. स्टोव्हच्या टाकीला एक हवेची चावी असते. ती आवळली तरच आत दाब धरतो आणि जाळ वर येतो. ढिली राहिली की जाळ बसला आणि घरातल्या बाईनं दुकानदाराचा उद्धार केला. त्यामुळे बापाचा एकच मंत्र होता. "चावी आवळून दे बापा. ढिली चावी म्हंजे आपली इज्जत गेली." बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. मंत्र मात्र पोराच्या बोटांत राहिला होता.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये हाजी मर्जूकची मोटर आली. हाजी पासष्टीचा कोळी, अंगानं काटक. मोटर चाळीस हॉर्सपॉवरची, वयानं हरिदासच्या नोकरीपेक्षा जुनी. तक्रार अशी की सुरू होते झकास, पाव तास चालते, मग गुदमरून बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. आधी दोन मेकॅनिकांनी बघितली होती. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं मोटर फेकून द्यायचा सल्ला दिला. हाजीनं टाकी आणि नळीसकट सगळं हरिदासपुढं आणून टाकलं आणि म्हणाला, मुहंदिस, आता तू बघ. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. हरिदास आयटीआय पास होता, पण हाजी त्याला मुहंदिसच म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, हरिदासला ते आवडायचं.

थांबून थांबून चालणारी मोटर म्हणजे पेट्रोल पोचत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. कुठं अडतं, हा खरा प्रश्न. हरिदासनं टाकीपासून सुरुवात केली. नळी दाबून बघितली, आतून कुठं फुगलेली नव्हती. नळीतला रबरी पंप दाबला, तो कडक होत होता, म्हणजे हवा खेचत नव्हता. कार्बोरेटर उघडला, त्यात थोडा चिकटा होता, पण बंद पडण्याइतका नव्हता. मग त्यानं टाकी काचेच्या बरणीत रिकामी केली आणि बरणी उन्हात ठेवली. पाच मिनिटांत पेट्रोल वर आणि पाणी खाली असे दोन थर दिसले, आणि तळाशी गंजाच्या पापुद्र्यांचा गाळ. मोटर चालली की तो गाळ खेचला जाऊन जाळीवर बसायचा, बंद पडली की खाली पडायचा. रोग सापडला होता.

पण हरिदास रोगावर थांबणारा नव्हता, त्याला रोगाचं मूळ पाहिजे होतं. टाकीत पाणी आलं कुठून? टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. मोटर चालवताना तो उघडा ठेवायचा, म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत जाते. टाकी ठेवून देताना बंद करायचा. हाजीचा स्क्रू खाऱ्या हवेनं गंजून उघडा तो उघडाच बसला होता. किती वर्षं, कुणास ठाऊक. त्या उघड्या भोकातून दमट हवा आत जात होती आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत तिचं पाणी होत होतं. हरिदासला कोण आनंद झाला. त्यानं स्क्रूवर तेल सोडलं, रात्रभर मुरवलं, सकाळी हलक्या हातानं फिरवला. दुपारपर्यंत स्क्रू नव्यासारखा फिरायला लागला. टाकी आतून धुतली, वाळवली, झाकणाला नवं रबरी वायसर बसवलं. जुन्या झाकणातून वारा जायचा, आता मुंगी जाणार नव्हती.

मोटर ड्रमवर दोन तास चालली, अर्थात वर्कशॉपच्या टाकीवर. गुरुवारी दुपारी हाजी आला. हरिदासनं त्याची टाकी स्वतः पेट्रोलनं गळ्यापर्यंत भरली, झाकण लावलं, फडक्यानं पुसली आणि पिकअपमध्ये ठेवली. हाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अल्ला तुला खूश ठेवो म्हणाला. अलीमियाँ समाधानानं चहा पीत होते.

शुक्रवारी सुट्टी. हरिदास मनामात सुजीतच्या खोलीवर गेला. सुजीत नागपूरचा, एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. पुढच्या महिन्यातल्या जयंतीची तयारी तिथं चालायची. वीसेक माणसं जमली, वंदना झाली, पंचशील झालं. मग बॅनरवरून दोन तास वाद झाला आणि वादानंतर मटण झालं. दुपारपासून बाहेर शमाल सुटला होता. हा इकडचा वायव्येचा वारा आहे, सुटला की धूळ उडवत आणतो आणि समोरची इमारत दिसेनाशी होते. खिडक्या लावून घेऊन मंडळी जेवली. हरिदासनं दोनदा भात घेतला.

शनिवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात एक बाई उभी होती. काळा अबाया, वाऱ्यानं फडफडणारा, आणि त्याचं टोक तिनं दातात धरलेलं. हाजीची बायको हलिमा. शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर हाजी निघाला होता, दुपारी परतणार होता. आला नव्हता. त्याच्या नेहमीच्या जागी, उत्तरेच्या खडकांपाशी, वीस मैलांवर, कोस्टगार्डच्या बोटी शोध घेत होत्या. तिथं काहीच सापडलं नव्हतं आणि धुळीत धड दिसतही नव्हतं. ती रडत नव्हती. तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

"मोटर ठीक थी?"

"मिया मिया," अलीमियाँ पटकन म्हणाले. म्हणजे शंभर टक्के. "दोन घंटा चलाके दिया."

हलिमानं अलीमियाँकडे बघितलंच नाही. ती हरिदासकडे बघत होती. हरिदासनं मान डोलावली. ती शुक्रन म्हणाली आणि बंदराकडे चालू लागली.

आणि ती पाठमोरी झाली तेव्हा हरिदासच्या उजव्या हाताच्या बोटांना आठवलं. डोक्याला नाही, बोटांना. टाकी भरली, झाकण लावलं, पुसली, आणि शेवटी अंगठा आणि पहिलं बोट यांनी तो स्क्रू आवळला. घट्ट. अकोल्याच्या दुकानात हजार वेळा आवळली होती तशी चावी आवळून गिऱ्हाइकाच्या हाती दिली. आजवर दिलेल्या प्रत्येक टाकीचा स्क्रू त्यानं असाच आवळला असणार, पण बाकीची गिऱ्हाइकं होडीत बसल्यावर सवयीनं उघडत होती. हाजीला ती सवयच नव्हती. त्याचा स्क्रू कित्येक वर्षं फिरलाच नव्हता.

हरिदासला दरदरून घाम फुटला. शमालच्या गार वाऱ्यात उभा राहून माणूस घामानं भिजला. बंद टाकी. नवं वायसर. हवा आत जायला कुठूनही वाट नाही, म्हणजे पेट्रोल बाहेर यायलाही नाही. जुनं फाटकं वायसर ठेवलं असतं तरी म्हातारा वाचला असता. अति तिथं माती म्हणतात, इथं अति तिथं समुद्र झाला होता. तो ड्रमच्या कडेला बसला.

"अलीभाई," तो म्हणाला, "त्या टाकीचा स्क्रू मी बंद केला. माह्याच हातानं."

अलीमियाँना समजायला वेळ लागला नाही. ते आधी दाराकडे गेले आणि बाहेर कुणी आहे का बघून आले. मग त्यांनी खालच्या आवाजात हरिदासला समजावलं. कोळ्याला स्क्रू दिसत नाही का? त्याचे डोळे फुटले होते का? बंद पडल्यावर उघडेल की. आणि समज नाही उघडला, तर आता सांगून काय होणार? पोलीस येतील, केस होईल, पासपोर्ट अरबाबाच्या कपाटात आहे. अकोल्याला तुझी बायको भावना आहे, आई आहे, त्यांच्याकडे बघ. तोंड उघडून हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस? म्हातारा येईल, इंशाल्ला. अलीमियाँ वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते.

हरिदास ऐकत होता, पण त्याच्या कानात दुसरंच काही चाललं होतं. आदल्याच दिवशी, बॅनरच्या वादाआधी, वीस जणांबरोबर हात जोडून तो म्हणाला होता, मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. आणि चोवीस तास व्हायच्या आत त्यानं एका बाईसमोर मान डोलावली होती. त्याला स्वतःची शिसारी आली. हे सगळं झालं, पण त्यातून एक साधा मेकॅनिकी प्रश्नही वर आला. बंद टाकीवर मोटर किती वेळ चालेल?

त्यानं अलीमियाँना काही सांगितलं नाही. कोपऱ्यात तसलीच दुसरी चाळीसची मोटर होती, ती ड्रमवर टांगली. तसलीच लोखंडी टाकी घेतली, नवं वायसर बसवलं, गळ्यापर्यंत पेट्रोल भरलं आणि स्क्रू आवळला. दोरी ओढली. मोटर झकास सुरू झाली. त्यानं वेग वाढवला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढं धरलं. अलीमियाँ दारात येऊन उभे राहिले. पाच मिनिटं. सात मिनिटं. आठव्या मिनिटाला रबरी पंप चपटा व्हायला लागला. टाकीच्या पत्र्यानं आत दबताना टण्ण आवाज केला. नवव्या मिनिटाला मोटर गुदमरली आणि बंद पडली. अंगणात एकदम शांत झालं.

थांबून त्यानं पुन्हा दोरी ओढली. या वेळी तीन मिनिटं. तिसऱ्या वेळी एक.

थोड्या वेळानं अलीमियाँ म्हणाले, "नऊ आणि तीन आणि एक." त्यांचा आवाज बदलला होता. आता दाभोळचा खलाशी बोलत होता. "अरे, हा माणूस वीस मैल गेलाच नाही. तीन-साडेतीन मैलांत याची मोटर मेली. तिथनं वारा वायव्येचा. म्हणजे तो उत्तरेला नाहीच. तो वाहत गेला आग्नेयेला, सित्राच्या पुढं. तिकडं सगळं उथळ आहे, खडक आहेत." ते थबकले. "आणि सगळ्या बोटी शोधतायत वरती."

"म्हणजे हे फक्त आपल्याले मालूम हाये," हरिदास म्हणाला.

अलीमियाँनी गल्ल्याच्या टेबलावरची किल्ली उचलली, बाहेर येऊन शटर खाली ओढलं आणि त्याला पिकअपमध्ये बसायला सांगितलं.

कोस्टगार्डच्या ऑफिसात एक तरुण अधिकारी होता. अलीमियाँ अरबीत बोलले, वारा, मैल, मिनिटं, सगळं सांगितलं. तुला हे कसं माहीत, असं अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अलीमियाँ अडखळले. टाकीचा स्क्रू बंद होता म्हणाले, कुणी बंद केला ते त्यांच्या तोंडून निघेना. माणूस नऊ वर्षं ज्याच्याबरोबर चहा पितो त्याचं नाव असं सहज घेत नाही. शेवटी हरिदास पुढं झाला. अरबी त्याला बाजारापुरती येत होती.

"अना सक्कर," तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला. "मैंने बंद किया."

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि वायरलेस उचलला. मग हरिदासचं सीपीआर कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, काढून घेतलं आणि त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हलिमा बसली होती. ती तिथंच होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं शिवी दिली नाही, जागाही बदलली नाही. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हरिदासनं तो हात मांडीखाली घेतला. दुपारपर्यंत दोघं त्या बाकावर तसेच बसले होते.

साडेतीनला वायरलेस बोलला. सित्राच्या पुढच्या उथळ पट्ट्यात होडी खडकाला लागलेली सापडली होती. नांगराची दोरी तुटलेली होती. माणूस होडीत आडवा होता. जिवंत होता.

हलिमा खाली जमिनीवरच बसली आणि तेव्हा कुठं रडली. हरिदासला रडूही आलं नाही, हायसंही वाटलं नाही. डोकं बधिर झालं होतं. आपण माणूस मारून बसलो होतो आणि तो मेला नाही, एवढंच त्याला कळत होतं.

पोलिसांनी जबाब घेतला. हाजी शुद्धीवर येऊन काय म्हणतो त्यावर पुढचं ठरणार होतं. सोमवारी अलीमियाँ त्याला सलमानियाच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. वाटेत त्यांनी सांगितलं की पाय धर, माफी माग, अजिबात वाद घालू नकोस. हरिदास वाद कशाला घालणार होता?

हाजी उशीला टेकून बसला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. दोन्ही तळव्यांना बँडेज होतं. स्टार्टरची दोरी ओढून ओढून सोलवटले होते. किती वेळा ओढली असेल? शंभर? दोनशे? ते तळवे बघून हरिदासला पाय धरायचंही सुचेना. उभ्या उभ्याच त्यानं सांगायला सुरुवात केली. मोडक्या हिंदीत त्यानं बापाचं दुकान सांगितलं, पितळी स्टोव्ह सांगितला, आवळायची चावी सांगितली. हात चालत गेला आणि डोकं कुठं होतं ते माहीत नाही, असं म्हणाला. तुम्ही जी शिक्षा सांगाल ती मान्य आहे, असंही म्हणाला.

हाजीनं सगळं ऐकून घेतलं. पोलीस, शिक्षा वगैरे त्यानं बँडेजचा हात हलवून बाजूला सारलं. मग तो हळूहळू, श्वास घेत बोलला.

"वो हम देखा था, मुहंदिस. मोटर बंद हुआ, हम सब देखा. प्लग देखा, नळी देखा. स्क्रू भी देखा. बंद था." तो थांबला. हलिमानं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यानं नको म्हटला. "हम सोचा, इतना साल का खराब स्क्रू इसने ठीक किया. फिर बंद किया. मुहंदिस आदमी है, कुछ सोचके बंद किया होगा. इसलिए हम हाथ नहीं लगाया."

शिव्या हरिदासनं सोसल्या असत्या. केस झाली असती तर तुरुंगही सोसला असता. दीड दिवस, त्या वाऱ्यात, त्या माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर त्याचा जीव होता. बोटानं अर्धा फेरा दिला असता तर तो घरी पोचला असता. आणि केवळ आपल्यावर भरवसा म्हणून त्यानं बोट लावलं नव्हतं. ज्या मुहंदिस शब्दानं नऊ वर्षं गुदगुल्या झाल्या, तोच शब्द म्हाताऱ्याच्या जिवावर उठला होता. त्याला खोलीतून बाहेर येऊन कॉरिडॉरच्या भिंतीला टेकावं लागलं. अलीमियाँ पाठोपाठ आले आणि शेजारी उभे राहिले.

तक्रार झाली नाही. चौथ्या दिवशी कार्ड परत मिळालं. जयंती आली आणि गेली, हरिदासनं त्या वर्षी भाषण करायला नकार दिला.

एप्रिलच्या शेवटी हाजी पुन्हा उभा राहिला. मोटर त्यानं दुसऱ्या कुणाकडे नेली नाही, हरिदासकडेच आणली. हरिदासनं ती ड्रमवर चालवली आणि मग अलीमियाँच्या हातातून चहाचा कप पडेल असं काही बोलला. म्हणाला, मी सोबत जातो, होडीत.

बंदराच्या पायऱ्या तो भिंतीला धरून एकेक करत उतरला. होडीत पाऊल टाकताच ती हलली आणि त्यानं फळी दोन्ही हातांनी धरली. हाजी हसला. त्याच्या तळव्यांवरची नवी कातडी अजून गुलाबी होती. तो मोटरपाशी जाऊन बसला, टाकीकडे त्यानं बघितलंही नाही, आणि दोरीला हात घातला. एवढं होऊनही म्हातारा बघत नव्हता. मुहंदिसनं दिलीय म्हणजे बरोबरच असणार.

"हाजी, रुको," हरिदास म्हणाला.

त्यानं फळी सोडली, गुडघ्यांवर सरकत मागं गेला, हाजीचा हात मनगटाला धरून दोरीवरून काढला आणि टाकीच्या झाकणावर आणून ठेवला. स्क्रू त्यानं मुद्दाम बंद करूनच आणला होता.

"मेरे को मत देखो," तो म्हणाला. "ये देखो. हर बार, तुम देखो."

हाजीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग अंगठा आणि बोट यांनी स्क्रू अर्धा फेरा फिरवला. उन्हात तापलेल्या टाकीतून कोंडलेली हवा बारीक सूं करत बाहेर आली.